उणे की अधिक : उष्णतेचा हिशेब

घरखर्चाच्या वहीत आपण किराणा लिहितो, भाडे लिहितो, दवाखाना लिहितो, मुलांची फी लिहितो. गॅसची टाकीही लिहितो. पण टाकीतून आपण नेमके काय विकत घेतले, हा विचार सहसा कोणी करीत नाही. गॅस तर जळून जातो. त्याचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन हवेत मिसळते. आपल्या पदरात पडते ती फक्त पातेल्यात शिरलेली उष्णता. म्हणजे पैसे आपण उष्णतेचे मोजतो.

कोणता पदार्थ किती जाळला म्हणजे किती उष्णता मिळते, याचे आकडे शास्त्रज्ञांनी फार काळजीपूर्वक मोजून कोष्टकात मांडून ठेवले आहेत. ठरावीक प्रमाणातला, म्हणजे एक मोल पदार्थ, भरपूर ऑक्सिजनमध्ये पूर्ण जळाला की जी उष्णता निघते तिला त्या पदार्थाची ज्वलन-उष्मा म्हणतात. ती किलोज्यूलमध्ये सांगतात. बारावीच्या रसायनशास्त्रात या कोष्टकावरून एक वेगळेच काम करायला शिकवतात. ज्या अभिक्रियेत काहीच जळत नाही, तिची उष्णता या जळण्याच्या आकड्यांवरून काढायची. याच गणितात आमच्याकडे येणारी बहुतेक मुले अडतात, आणि काही जण तर याच सुमारास विज्ञान शाखा सोडण्याचा विचार करू लागतात. म्हणून या एका गणिताविषयी कुटुंबाच्या पानावर लिहावे असे आम्हाला वाटले.

आम्ही दोघे नवरा-बायको. एकाने सारी नोकरी माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवण्यात घालवली. दुसरीने औषधाच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत काम केले. निवृत्तीनंतर संध्याकाळी सात ते नऊ आमच्या बाहेरच्या खोलीत वस्तीतील अकरावी-बारावीची मुले अभ्यासाला बसतात. फी नाही, फलक नाही. मुले बहुतेक मराठी माध्यमातून दहावी झालेली. अकरावीला विज्ञान घेतले की सगळे एकदम इंग्रजीत येते. कालपर्यंत ज्याला उष्णता म्हणत होतो तिला आता एन्थाल्पी म्हणायचे. शब्द कळेपर्यंत निम्मा धडा संपलेला असतो. मग मूल एकच मार्ग धरते : सूत्र पाठ करायचे आणि आकडे भरायचे.

पाठांतराला आमचा विरोध नाही. पाढे पाठ असलेच पाहिजेत. पण या धड्यात पाठांतर मुलाला हमखास दगा देते, कारण येथे एकाच कामाची दोन सूत्रे आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. कोष्टक निर्मिती-उष्मांचे असेल, म्हणजे मूलद्रव्यांपासून पदार्थ तयार होतानाच्या उष्णतेचे असेल, तर उत्पादितांच्या बेरजेतून अभिकारकांची बेरीज वजा करायची. कोष्टक ज्वलन-उष्मांचे असेल तर अभिकारकांच्या बेरजेतून उत्पादितांची बेरीज वजा करायची. पहिल्या वेळी ‘नंतरचे वजा आधीचे’, दुसऱ्या वेळी ‘आधीचे वजा नंतरचे’. परीक्षेच्या घाईत मूल नेमके उलटे सूत्र लावते. आकडा अगदी बरोबर येतो, चिन्ह चुकते. बहुपर्यायी प्रश्नात तर उणे आणि अधिक ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी दिलेली असतात. चुकीचे उत्तर समोर तयारच असल्याने मुलाला शंकाही येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीचे असेच झाले. महाविद्यालयाच्या चाचणीत अशी तीन गणिते होती. तिन्हींचे आकडे बरोबर आले, तिन्हींची चिन्हे उलटी. गुण मिळाले शून्य. पेपर वाटताना तिथल्या शिक्षकांनी तिला वर्गासमोर सांगितले की, सूत्र पाठ होत नसेल तर सायन्स कशाला घेतले? मुलगी घरी येऊन काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई आमच्याकडे आली. ती पोळी-भाजी केंद्रात कामाला होती, कामावरून परस्पर आली होती.

“गुरुजी, ताई, तुम्हीच सांगा,” ती म्हणाली, “हिला आर्ट्सला घालू का? म्हणते, मला नाही जमत. आम्हाला घरात कुणाला यातलं कळत नाही, मी काय सांगू तिला?”

कला शाखेत काही कमी आहे असे आम्ही मानत नाही. ज्याला आवड आहे त्याने ती जरूर घ्यावी. पण आवडत्या विषयातून एका उणे चिन्हाने मुलीला बाहेर काढावे, हे आम्हाला पटण्यासारखे नव्हते. आम्ही त्या माउलीला बसवले, मुलीलाही बोलावून घेतले, आणि रसायनशास्त्राचे पुस्तक मिटवून विचारले, “तुमचं माहेर कुठलं?”

“भुसावळजवळचं.”

“मग रेल्वेनेच येत असाल. रुळाच्या कडेला किलोमीटरचे आकडे लिहिलेले असतात, ते पाहिलेत?”

“पाहिलेत की. मुंबई जवळ आली की आकडा लहान लहान होत जातो.”

या एवढ्या वाक्यात ज्वलन-उष्मेचे सारे सूत्र आहे. ते कसे, हे आता सविस्तर सांगतो.

मध्य रेल्वेच्या या मार्गावर किलोमीटरचे आकडे मुंबईपासून मोजलेले आहेत. भुसावळ मुंबईपासून सुमारे ४४४ किलोमीटर, मनमाड सुमारे २६०, कल्याण सुमारे ५४. आता मनमाड ते कल्याण अंतर किती, हे काढायचे आहे. मनमाडला उभे असताना मुंबई २६० राहिली होती. कल्याणला आलो तेव्हा ५४ राहिली. २६० वजा ५४, म्हणजे २०६ किलोमीटर आपण आलो. येथे आधीच्या स्टेशनाच्या आकड्यातून नंतरच्या स्टेशनाचा आकडा वजा केला, कारण दोन्ही आकडे ‘अजून किती राहिले’ हे सांगतात.

हेच अंतर भुसावळपासून मोजू. मनमाडला पोहोचलो तेव्हा भुसावळपासून १८४ किलोमीटर झाले होते. कल्याणला पोहोचलो तेव्हा ३९० झाले. ३९० वजा १८४, पुन्हा २०६. या वेळी नंतरच्यातून आधीचे वजा केले, कारण हे आकडे ‘आतापर्यंत किती झाले’ ते सांगतात. प्रवास एकच, अंतर एकच. मोजणी शेवटच्या स्टेशनापासून केली की पहिल्या, एवढाच काय तो फरक. वजाबाकीची दिशा त्यावर ठरते.

ज्वलन-उष्मा म्हणजे ‘अजून किती राहिले’. पदार्थ पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होईपर्यंत त्याच्यातून अजून किती उष्णता निघायची आहे, हे ती सांगते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी ही आपली मुंबई. निर्मिती-उष्मा म्हणजे ‘मूलद्रव्यांपासून येथपर्यंत येताना किती झाले’. मूलद्रव्ये ही भुसावळ. एवढे ध्यानात राहिले तर दोन सूत्रे पाठ करण्याचे कारण उरत नाही. कोष्टक कोठून मोजलेले आहे, ते आधी पाहायचे. वजाबाकी मग आपोआप सरळ येते.

आता खरे उदाहरण घेऊ. इथीन नावाचा वायू आहे. फळे पिकताना तो फळांतून थोडा थोडा बाहेर पडत असतो. इथीन आणि हायड्रोजन यांचा संयोग झाला की इथेन नावाचा वायू तयार होतो. पातळ तेलापासून घट्ट वनस्पती तूप करतात तेव्हा निकेलच्या मदतीने तेलात हायड्रोजन घालतात. ती अभिक्रिया याच जातीची. येथे जळत काहीच नाही. तरी या संयोगात उष्णता किती निघेल?

कोष्टकात पाहायचे. एक मोल इथीन जळताना १४११ किलोज्यूल देते. एक मोल हायड्रोजन २८६ देतो. एक मोल इथेन १५६० देते. अभिकारक दोन, इथीन आणि हायड्रोजन. त्यांच्याजवळ मिळून शिल्लक १४११ + २८६ = १६९७ किलोज्यूल. संयोग होऊन इथेन झाल्यावर शिल्लक राहिले १५६०. मधले १३७ किलोज्यूल कोठे गेले? ते संयोग होतानाच उष्णता म्हणून बाहेर पडले. उष्णता बाहेर पडली म्हणजे पदार्थाकडची शिल्लक घटली, म्हणून शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे उत्तर लिहायचे उणे १३७ किलोज्यूल. अभिक्रिया उष्मादायी आहे.

पुस्तकातील कोष्टकात ज्वलन-उष्मांना उणे चिन्ह लावलेलेच असते, कारण जळताना उष्णता बाहेर जाते. तसे आकडे घेतले तर मांडणी अशी : उणे १४११ आणि उणे २८६ यांची बेरीज उणे १६९७. तिच्यातून उणे १५६० वजा करायचे. उणेचे उणे अधिक होते. उणे १६९७ अधिक १५६०, उत्तर उणे १३७. दोन्ही रीतींनी एकच येते. मुलांना आम्ही सांगतो की आधी ‘शिल्लक किती होती, शिल्लक किती राहिली’ हे चिन्हाशिवाय मनात करून पाहा. शिल्लक घटली तर उणे, वाढली तर अधिक. मग कागदावर चिन्हांसह मांडा. दोन्ही जुळले तरच पुढच्या गणिताकडे वळा.

त्या मुलीने त्या संध्याकाळी तिन्ही गणिते पुन्हा सोडवली. तिसऱ्याला तर तिने सूत्र लिहिलेच नाही, सरळ शिल्लक मांडली. आई शेजारी बसून पाहत होती. तिला इथीन माहीत नव्हते, पण २६० मधून ५४ का वजा केले ते पक्के कळले होते. उठताना म्हणाली, “म्हणजे पोरीला हिशेब येत होता. गाडी कुठून मोजायची तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.” मुलगी विज्ञान शाखेतच राहिली. आज ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि सुट्टीत येते तेव्हा धाकट्या मुलांना हा धडा तीच शिकवते.

चौकस मूल येथे एक प्रश्न विचारते, आणि तो विचारलाच पाहिजे. आधीचे पदार्थ वेगळे, नंतरचे वेगळे. मग दोघांची मुंबई एकच कशावरून? याचे उत्तर समीकरणातच आहे. इथीनमध्ये कार्बनचे दोन अणू आणि हायड्रोजनचे चार. त्यात हायड्रोजनचे आणखी दोन आले, म्हणजे सहा. इथेनमध्येही कार्बनचे दोन, हायड्रोजनचे सहा. दोन्ही बाजू जाळल्या तर दोन्हीकडून दोन कार्बन डायऑक्साइड आणि तीन पाणीच मिळणार. अभिक्रियेत अणू नवे जन्मत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत, म्हणून शेवटचे स्टेशन एकच राहते. समीकरण संतुलित केले नाही तर मात्र दोन गाड्या दोन गावांना जातील आणि वजाबाकीला काही अर्थ उरणार नाही. आधी समीकरण संतुलित करा, मग प्रत्येक पदार्थाच्या आकड्याला त्याच्या मोलांनी गुणा, असे शिक्षक बजावतात ते यासाठी.

आणखी एक. कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऑक्सिजन हे गणितात आले तर त्यांची ज्वलन-उष्मा शून्य धरायची. पहिले दोन मुंबईतच उभे आहेत. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतो. मुले त्यांचा आकडा कोष्टकात शोधत बसतात आणि वेळ घालवतात.

हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जर्मेन हेन्री हेस १८०२ साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे जन्मला. वडील चित्रकार. कुटुंब रशियात गेले आणि मुलगा तेथेच वाढला. तो वैद्यकी शिकला, दूर सायबेरियातील इर्कुत्स्क येथे डॉक्टर म्हणून राहिला आणि नंतर सेंट पीटर्सबर्ग येथे रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याने रशियन भाषेत रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले. सल्फ्युरिक आम्लात पाणी एकदम मिसळा की टप्प्याटप्प्याने मिसळा, आणि मग ते अमोनियाने उदासीन करा. शेवटी निघालेली एकूण उष्णता तेवढीच भरते, असे त्याने मोजून पाहिले. अभिक्रिया एका पायरीत होवो की अनेक, एकूण उष्णता बदलत नाही, हा नियम त्याने १८४० साली मांडला. ऊर्जा नाहीशी होत नाही हे तत्त्व तेव्हा अजून सर्वमान्य झालेले नव्हते. हेस १८५० साली वारला. त्याचा नियम आज जगभरच्या शाळांत शिकवला जातो.

या नियमाचा खरा उपयोग तेथे होतो जेथे उष्णता प्रत्यक्ष मोजता येत नाही. कोळशाचेच पाहा. कार्बन अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. या पायरीची उष्णता किती? मोजायला जावे तर अडचण अशी की कार्बन जाळताना फक्त मोनॉक्साइड झाला आणि डायऑक्साइड मुळीच झाला नाही, असे घडवून आणता येत नाही. दोन्हींचे मिश्रण होते. पण पूर्ण जळण मोजता येते : एक मोल कार्बनपासून ३९३.५ किलोज्यूल. शुद्ध मोनॉक्साइड जाळूनही मोजता येते : २८३.० किलोज्यूल. मग वजाबाकी करा, ३९३.५ वजा २८३.० बरोबर ११०.५ किलोज्यूल. जी पायरी कोणाला वेगळी करून दाखवता येत नाही तिची उष्णता अशी कागदावर हाती लागली.

या आकड्याकडे घरातील बायकांनी नीट पाहावे. कोळसा नीट जळला तर ३९३.५, अर्धवट जळला तर ११०.५. म्हणजे शंभरातले अठ्ठावीस मिळाले, बहात्तर वायूबरोबर निघून गेले. आणि जो वायू गेला तो विषारी. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत दारे-खिडक्या बंद करून शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती या वायूमुळे. गॅसच्या शेगडीची ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली आणि भांड्यांची बुडे काळी होऊ लागली, तर जळण अपुरे होत आहे, बर्नरची छिद्रे साफ करायला झाली आहेत, हे ओळखावे. काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. तो आपण पैसे देऊन घेतलेला असतो आणि नंतर साबण-राख लावून घासून काढतो.

गोबरगॅसमधला मुख्य जळणारा वायू मिथेन. कार्बन आणि हायड्रोजन या मूलद्रव्यांपासून मिथेन होताना किती उष्णता निघेल? ही अभिक्रियाही प्रयोगशाळेत सरळ घडवून नीट मोजता येत नाही. पण तिघेही जळतात. कार्बनचे ३९३.५, हायड्रोजनच्या दोन मोलांचे २८५.८ दुणे ५७१.६, एकूण ९६५.१. मिथेनचे ८९०.४. फरक ७४.७. उत्तर उणे ७४.७ किलोज्यूल.

आणि उलटे उदाहरण बेंझीनचे. कार्बनचे सहा मोल आणि हायड्रोजनचे तीन मोल यांची शिल्लक २३६१.० अधिक ८५७.४, म्हणजे ३२१८.४. बेंझीनची मात्र ३२६७.६, म्हणजे मूलद्रव्यांपेक्षा ४९.२ ने जास्त. शिल्लक वाढली, तेव्हा उत्तर अधिक ४९.२. अभिक्रिया उष्माग्राही. आमच्या गाडीच्या भाषेत बेंझीन भुसावळच्या अलीकडे मुंबईच्या बाजूला नाही, पलीकडे अकोल्याच्या बाजूला उभे आहे. मूलद्रव्यांपासून तेथे जायचे तर गाडी उलटी न्यावी लागते, उष्णता वरून घालावी लागते.

आता हे आकडे मोजतात कसे? मुलांना आम्ही एक कच्चा प्रयोग करून दाखवतो. पत्र्याच्या डब्यात २०० ग्रॅम पाणी, त्यात तापमापी, खाली स्पिरिटचा दिवा. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घेऊन दिवा आधी तोलायचा, नंतर तोलायचा. मोठे माणूस जवळ असल्याशिवाय हा प्रयोग कोणी करू नये. स्पिरिट म्हणजे बहुतांशी इथेनॉल. त्याच्या एका मोलाची, म्हणजे ४६ ग्रॅमची, ज्वलन-उष्मा १३६७ किलोज्यूल. तेव्हा एका ग्रॅमला सुमारे २९.७ किलोज्यूल मिळाले पाहिजेत. एवढ्या उष्णतेने २०० ग्रॅम पाणी ३५ अंश सेल्सिअसच्या वर तापायला हवे. आमच्या डब्यात पाणी निम्म्यानेही तापत नाही. मुले विचारतात, बाकीची उष्णता गेली कुठे? मग तेच डब्याला हात लावून पाहतात, दिव्याच्या भोवतीची हवा पाहतात, आणि उत्तर देतात. उष्णता हरवली नाही, आपण ती धरू शकलो नाही.

ती सगळी धरण्यासाठी बॉम्ब कॅलरीमीटर नावाचे उपकरण असते. जाड पोलादी बंद भांडे, त्यात पदार्थ आणि दाबाने भरलेला ऑक्सिजन. भांडे पाण्यात बुडवलेले. विजेच्या तारेने आत ठिणगी पाडतात, पदार्थ क्षणात पूर्ण जळतो आणि सगळी उष्णता भोवतालच्या पाण्यात उतरते. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ मार्सेलां बर्थेलो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे तंत्र पुढे आणले.

इतक्या काटेकोरपणाची गरज का, ते साखरेच्या उदाहरणावरून कळते. आपल्या राज्यात साखर कारखान्यांच्या मळीपासून इथेनॉल करतात आणि ते पेट्रोलमध्येही मिसळले जाते. मळीतील साखर यीस्ट आंबवते. ग्लुकोजच्या एका मोलापासून इथेनॉलचे दोन मोल आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन मोल होतात. ग्लुकोजची शिल्लक २८०३. इथेनॉलची १३६७ दुणे २७३४. कार्बन डायऑक्साइडची शून्य. फरक ६९ किलोज्यूल. आंबवण्याच्या टाक्या आपोआप गरम होतात आणि त्यांना थंड ठेवावे लागते, ते या ६९ मुळे. साखरेची बाकी जवळजवळ सारी शिल्लक इथेनॉलमध्येच राहते, म्हणून ते इंधन म्हणून चालते.

पण येथे सावध राहायला हवे. ६९ हा आकडा दोन मोठ्या आकड्यांमधला लहान फरक आहे. ग्लुकोजचा आकडा मोजताना शंभरात एकाचीही गफलत झाली तर २८ किलोज्यूलचा फरक पडतो, आणि ६९ चे ४१ किंवा ९७ होतात. ट्रक ड्रायव्हरसह तोलायचा, मग ड्रायव्हरशिवाय तोलायचा, आणि वजाबाकीवरून ड्रायव्हरचे वजन काढायचे, तसा हा प्रकार. काटा फार चांगला असेल तरच उत्तरावर विसंबता येते.

दुसरी सावधगिरी पाण्याची. ज्वलनात झालेले पाणी थंड होऊन द्रवरूप झाले असे धरून कोष्टकातील आकडे दिलेले असतात. ते वाफ राहिले असे धरले तर पाण्याच्या प्रत्येक मोलामागे सुमारे ४४ किलोज्यूल कमी मिळतात. त्यामुळे हायड्रोजनचा आकडा २८६ ऐवजी २४२ होतो. सर्व पदार्थांना एकच रीत लावली तर आमच्या इथीनच्या गणितात उत्तर बदलत नाही, कारण दोन्हीकडे पाणी तीनच मोल आहे. पण एक आकडा या कोष्टकातून आणि दुसरा त्या कोष्टकातून उचलला की घोटाळा होतो. इथेनचा वाफेचा आकडा १४२८ आहे. तो घेऊन बाकीचे द्रव पाण्याचे घेतले तर १३७ ऐवजी २६९ येतात. कोष्टकाच्या वरची बारीक अक्षरातील ओळ वाचायची सवय मुलांनी लावून घ्यावी. ही सवय पुढे कर्जाचा कागद वाचतानाही उपयोगी पडते.

पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुलाच्या पुस्तकातले इंग्रजी आपल्याला येत नाही, एन्थाल्पी म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणून मुलाच्या अभ्यासातून आपण बाहेर आहोत असे समजू नका. मुलाला विचारा, “बाबा, हा आकडा कुठून मोजला? आधी किती होतं, नंतर किती राहिलं?” हिशेबाची समज असणारे कोणीही हा प्रश्न विचारू शकते. ज्या मुलाला त्याचे उत्तर आपल्या भाषेत देता येते त्याचे सूत्र परीक्षेत उलटे होत नाही. आणि ज्याला देता येत नाही, त्याच्या बुद्धीला दोष देण्यापूर्वी त्याला कोणी समजावून सांगितले होते का, ते आधी पाहा.

मुलामुलींसाठी एक गणित देतो. वेल्डिंगच्या दुकानात ॲसिटिलीन वायू वापरतात. त्याच्या एका मोलाची ज्वलन-उष्मा १३०० किलोज्यूल धरा, बेंझीनची ३२६८ धरा. ॲसिटिलीनच्या तीन मोलांपासून बेंझीनचा एक मोल होतो. दोन्हीकडचे अणू आधी मोजून पाहा, मग उष्णता किती आणि चिन्ह कोणते ते काढा. उत्तर ६३२ आले पाहिजे. ते उणे की अधिक, हे घरातल्या मोठ्या माणसाला आपल्या शब्दांत समजावून सांगा. त्यांना पटले तर तुमचे उत्तर बरोबर आहे.